जयवंताची कानस

कानस विकत घेताना ती दोन बोटांत सैल धरावी आणि नखानं वाजवून बघावी. कोरी कानस बारीक, लांब आवाज देते. झिजलेली कानस तापवून, तिला नव्यानं दात पाडून विकतात. दिसायला ती तशीच दिसते, पण तिचा आवाज लगेच विझतो. लाकडाच्या टालावर माझी चाळीस वर्षं गेली. हे मी डोळे मिटूनही सांगू शकतो. तेव्हाही सांगू शकत होतो.

एकाहत्तर साली आम्ही सक्करदऱ्याला, तलावामागच्या वस्तीत राहत होतो. मारोतरावांच्या टालावर मी आणि माझी बायको जयवंता जोडीनं आरा ओढत असू. आरा म्हणजे पाच फुटी करवत, दोन्ही टोकांना मूठ. एका मुठीवर मी, दुसरीवर ती. रविवारी आरा घरी आणायचा, अंगणात दोन फळ्यांमध्ये आवळायचा आणि धार लावायची. मधल्या दातापासून माझ्या मुठीपर्यंत मी घासायचो, तिच्या मुठीपर्यंत ती. ज्याच्या हाताची ओढ जशी, तसे त्याचे दात लागतात. जयवंता डावखुरी होती, त्यामुळे तिच्या दातांचा उतार माझ्यापेक्षा उलटा पडायचा. टालावरचे लोक म्हणायचे, कवडूच्या घरचं भांडण आऱ्यावर दिसते.

त्या वर्षी दिवाळीआधी दोघांच्याही कानशी संपल्या. इतवारीतल्या दुकानदाराकडे कोरी एकच उरली होती. दुसरी त्यानं दाखवली ती मी वाजवली. आवाज विझला. मी दोन्ही घेतल्या आणि कोरी स्वतःकडे ठेवली.

आठवड्यानं जयवंता म्हणाली, "काहो, ही चावत नाही. नुसती घसरून राहिली."

"कोरी आहे. तुयाच हातात जोर नाही वं."

ती हसली. पुढच्या रविवारी दुप्पट वेळ घासत बसली.

त्या बुधवारी बाभळीच्या ओंडक्यात तिच्या बाजूनं आरा अडकला. तो सोडवायला तिनं हिसका दिला, तसा मागच्या थरावरचा ओंडका सुटला आणि तिच्या छातीवर आला. त्यानंतर दोन दिवस ती होती. बोलली एकदाच. म्हणाली, "माह्या हाताले जोर नव्हता." खरं सांगायला मला तेवढाच वेळ होता, आणि मी तो तिच्या उशाशी गप्प बसून घालवला.

पुढे तिच्या मुठीवर टालावरचा धोंडबा आला. रविवारी मी माझे दात घासायचो, तिच्या बाजूला हात लावत नव्हतो. तिची कानस तिच्या टोकाशी, फळीवर तशीच पडून होती. तिसऱ्या सोमवारी धोंडबानं आरा उन्हात धरला.

"इकडचे दात कोणं घासले गा? हा तर डावा हात आहे."

मी बघितलं. उतार उलटा होता. मऊ कानस घसरली की दातावर एक चकाकी राहते, तीही होती, आणि ती कालचीच होती.

छप्पन साली मी दीक्षा घेतली. भूतखेत, अंगात येणं, सगळं तिथंच टाकून घरी आलो. त्यामुळे आधी पोरीला विचारलं. प्रेमिला चौदा वर्षांची होती आणि सगळी कामं उजव्या हातानं करायची. तिनं आऱ्याला हात लावला नव्हता. शेजारपाजारी विचारलं, कुणीच लावला नव्हता. पुढच्या रविवारी मी आरा आवळून दुपारभर समोर बसलो. काही झालं नाही. चारच्या सुमाराला प्रेमिलानं चहाला आत बोलावलं. कप संपवून बाहेर आलो तर जयवंताच्या बाजूला जमिनीवर लोखंडाचा कीस पडला होता. बोटावर घेतला. कोमट होता.

प्रेमिला दारात येऊन उभी राहिली.

"तुम्ही तर आत होते, बाबा. मंग घासून कोण राहिलं होतं?"

पुढच्या वेळी मी माझी कोरी कानस जयवंताच्या टोकाशी, तिच्या कानशीशेजारी ठेवली. दातांत कीस अडकू नये म्हणून कानशीला खडू चोळतात, तसा चोळून ठेवला. आतून परत आलो तेव्हा दात घासलेले होते. माझ्या कानशीवरच्या खडूला मात्र बोटही लागलं नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. तेव्हा त्या रिकाम्या अंगणात मी बोललो.

"ही घे नं वं. तुयी ती खोटी आहे. मले माहीत होतं."

खडू तसाच राहिला. ती त्या खोट्या कानशीनंच घासत होती, आणि माझ्यामुळे घासत होती. तिला सुटका मिळावी म्हणून मी ती कानस तलावात टाकून आलो.

चार रविवार काही झालं नाही. तिच्या बाजूचे दात बोथट झाले. प्रेमिला पुन्हा अंगणात भांडी घासायला बसू लागली. मला घर इतकं रिकामं जयवंताच्या मयताच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

पाचव्या रविवारी मी इतवारीत गेलो. दुकानदारानं कोऱ्या कानशींचा जुडगा पुढे ठेवला. मी एकेक वाजवत गेलो आणि लांब वाजणारी प्रत्येक बाजूला सारली.

"चांगल्या त्याच आहेत, भाऊ," तो म्हणाला.

मी जुन्या मागितल्या. त्यांतली सगळ्यात लवकर विझणारी घेतली.

घरी आलो. जयवंताच्या लुगड्याची पट्टी फाडून कानशीच्या धरायच्या टोकाला गुंडाळली, हाताला रुतू नये म्हणून. कानस तिच्या बाजूला ठेवली आणि आत जाऊन बसलो. प्रेमिला माझ्याकडे बघत होती. तिनं चहा ठेवला नाही.

बाहेर आवाज सुरू झाला.

पुढे जाताना खर्र, मागे येताना शांत.

मध्ये थांबायचा. पुन्हा सुरू व्हायचा.

फार वेळ चालला. ऊन भिंतीवरून उतरून गेलं तेव्हा बंद झाला.

मी बाहेर गेलो. कीस चिमूटभरच पडला होता. कानशीची चिंधी घामानं ओली झाली होती.

मी ती सोडून दोरीवर वाळत घातली. वाळल्यावर परत गुंडाळून ठेवली.