अखाजीला चाललेलं कुंपण

"कुंपण आज पुन्हा चाललं," निंबाच्या झोक्यावरून उडी टाकत गजरा म्हणाली.

खोटं नव्हतं. आठवड्यापूर्वी ज्या वाटेनं बैलगाडी जायची, तिथून आता शेळीसुद्धा अंग चोरून जात होती. कोरीटहून तापीला उतरणारी ती वाट साऱ्या गावाची. एका अंगाला गावाचीच निंबांची राई, दुसऱ्या अंगाला पितांबर अप्पांचं शेत. गुरं शेतात शिरू नयेत म्हणून पंचांनी शेताच्या कडेनं तोडलेल्या बाभळीचं कुंपण रचलं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम काढला. पंच म्हणजे कोण? अप्पा, आणि अप्पा शिंकले तरी "बरोबर शे" म्हणणारे बाकीचे चौघे.

वाट का अरुंद होते, असं कुणी विचारलं की अप्पा मिशीला पीळ देत सांगायचे, "बाभूय जिद्दी ऱ्हास. तोडेल काटालेबी मुया फुटतस. मंग काटा आपला सरकस पुढे."

तोडलेल्या काट्यांना मुळं फुटतात आणि ते चालतात! जन्मभर शेती केलेली, मिशा पांढऱ्या झालेली माणसं यावर माना डोलवत होती आणि पुन्हा पत्त्यांत डोकं घालत होती. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशातल्या पुरुषांना जुगारापुढे दुसरं काही दिसत नाही. त्या दिवसांत तापी उलटी वाहिली असती, तरी त्यांनी आधी डाव संपवला असता.

गजरा मात्र रोज वाटेची रुंदी पावलांनी मोजत होती. अखाजीला गौराईची टोपली डोक्यावर घेऊन ती नदीत सोडायला जायचा मान यंदा पहिल्यांदाच तिला मिळाला होता. आणि पंचांनी आदल्याच दिवशी ठरवून टाकलं, वाट उरली नाही, तर यंदा गौराई विहिरीत सोडा. मग तापीच्या पलीकडच्या काठावर दगड आणि शिव्या घेऊन उभ्या राहणाऱ्या पोरी काय म्हणतील? अखाजीला त्या काठच्या पोरींनी या काठच्यांना शिव्या द्यायच्या, यांनी सव्याज परत करायच्या, आणि कुणी राग मानायचा नाही, ही तर पिढ्यांची रीत. न जाणं म्हणजे वर्षभर भित्र्या म्हणवून घेणं.

"मुळं बघू या तरी," लोटन म्हणाला. हा गजराचा चुलतभाऊ, नंदुरबारच्या शाळेतून सुट्टीला आलेला. घेवरचंद शेटजींची लेक इचरज तर आधीच पोटावर झोपून काट्यांखाली डोकावत होती. मुळं कुठली? काट्यांमागे, शेताच्या बाजूला, वाटेच्याच जमिनीत ताजी नांगरट होती.

दुपारी तिघं निंबावर चढून बसली. गाव पत्त्यांत बुडालं तसे अप्पा आले. हातात दोन शिंगांची लांब काठी. त्या काठीनं काट्यांचा एकेक ढीग वाटेवर लोटत ते कुंथत होते, घाम पुसत होते.

"बाभूयले मुया नहीत," इचरज पुटपुटली, "पन मिशा शेतस."

लोटनला लगेच गावात बोंब मारायची होती. गजरानं त्याचा सदरा धरला. पोरांचं कोण ऐकणार? अप्पा नाही म्हणतील, चौघे "बरोबर शे" म्हणतील, खेळ खलास. त्यापेक्षा अप्पांचंच म्हणणं खरं करून दाखवावं.

अखाजीच्या दिवशी अप्पांनी मांडे आणि आमरस असा चेपला की शेताच्या कडेला सावलीत खाट टाकून ते आडवे झाले, आणि घोरण्यानं निंबावरचे कावळे उडून गेले. तिघांनी त्यांचीच काठी उचलली. ढिगामागून ढीग उलटा निघाला, वाट सोडून, नांगरट ओलांडून, थेट खाटेभोवती. उशापाशी शेवटचा ढीग बसला तेव्हा आत मांजर जाईल एवढी फट नव्हती.

गौराईची गाणी म्हणत बायका-पोरी वाटेवर आल्या, तेव्हा अप्पा खाटेवर उभे राहून ओरडत होते, "मले बाहेर काढा!"

पुढे झालेल्या माणसाला गजरानं अडवलं. "पंचास्ना हुकूम शे, कुंपनले हात लावाना नही. अप्पा, काटा चालीसन ऊना. आते रुजी गया व्हई."

"तोडेल काटा कसा रुजी, येडी पोर?"

"मंग वाटवर कसा चालत व्हता?"

चौघे पंच एकमेकांकडे पाहू लागले. या वेळी कुणी "बरोबर शे" म्हणेना. ऊन उतरत होतं, काटे टोचत होते, सारं गाव बघत होतं. अखेर अप्पांनी मान खाली घातली. "मीच सरकाडं कुंपन."

अखाजीसाठी माहेरी आलेल्या नर्मदाबाई म्हणजे अप्पांच्या थोरल्या बहीण. त्यांनी भावाला नखशिखांत न्याहाळलं, जसं बाजारात किडकं वांगं न्याहाळतात. मग गजराच्या डोक्यावरची टोपली नीट केली आणि काठी धरून उभ्या लोटन-इचरजकडे पाहिलं. "हुशार शे मन्ही पोर. आजपासून वाट आनि राई या तिघं पाहतीन. पंचास्नी बठीसन पत्ता खेळा. पितांबर, तू तठेच ऱ्हाय. गौराई जाऊ दे, मंग काढसू तुले."

पोरी चार-चारच्या रांगेत वाटेनं नदीवर उतरल्या. एकीच्याही परकराला काटा लागला नाही.

पण बातमी त्यांच्याआधी तापी पार करून गेली होती. पलीकडच्या काठावरून पहिलीच शिवी आली, "तुम्हना गावना पंच बिनडोक!"

गजरानं दगड उचलला, हात मागे नेला, आणि थांबली. मग दगड खाली टाकून दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "हाई खरं शे! दुसरी द्या!"