बिनडोळ्याचा मोर

"हा माझ्या आईचा रुमाल नाही," ईप्सिता म्हणाली. "सुरेखामावशीनं, माझ्या सावत्र आईनं, बदललाय. पुरावा द्या, म्हणजे शनिवारी माझ्या लग्नात ती नसेल."

२००६चा मे महिना. जर्मनीतल्या कोलोनमध्ये मराठी खासगी गुप्तहेर एकच, प्रभा गुर्जर. आणि तिच्या मागून नकाशा उलटा धरून चालणारे तिचे यजमान, शशिकांत.

ईप्सिताच्या घरी खिडकीसमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत तो रुमाल होता. मलमलीवर रेशमी रासमंडल, कोपऱ्यांत चार मोर. ईप्सिताची आई हिमाचलातल्या चंब्याची. तिकडे लग्नातल्या भेटींचं ताट अशा रुमालानं झाकून नेतात. लेकीसाठी तिनं हा भरायला घेतला, आणि एका मोराचा डोळा राहिला असताना ती गेली. ईप्सिता तेव्हा सहा वर्षांची होती.

"गेल्या नाताळातला हा फोटो. बिनडोळ्याचा मोर डावीकडे, रंग विटलेले. आता मोर उजवीकडे, आणि रंग कोरे करकरीत!"

"धडधडीत नक्कल," शशिकांत म्हणाले.

ईप्सिताचे बाबा, सत्यजित, आठवडाभर झिंडेलफिंगेनच्या कारखान्यात होते. ते फोनवर म्हणाले, "माझी पहिली बायको हा भरायची, तेव्हा सुलट बाजू कुठली तेच मला कळायचं नाही. पण सुरेखा चोरी करेल? अहो, ती लग्न होऊन आली त्या दिवशी दहा वर्षांची ईप्सिता म्हणाली, माझ्या आईच्या वस्तूला हात लावायचा नाही. तेव्हापासून सुरेखा काचसुद्धा पुसत नाही."

सुरेखा चहा घेऊन आली. तिच्या अंगठ्याला पट्टी होती.

"सुरी लागली?" प्रभानं विचारलं.

"खिळा," ती म्हणाली.

प्रभानं चौकट उतरवून उघडायला लावली. "अहो, रुमाल उजेडात धरा. मागच्या गाठी दिसतात?"

"मागची बाजू कुठली तेच कळेना!" शशिकांत म्हणाले.

"सत्यजितना तरी कुठे कळत होती? चंब्याचं हे भरतकाम दोन्हीकडून सारखंच. रुमाल उलटला की डावीकडचा मोर उजवीकडे जातो." तिनं रुमाल फिरवला. फोटोतले विटलेले रंग समोर आले. "ही बाजू समोरच्या खिडकीतल्या उन्हानं खाल्ली. दुसरी पुठ्ठ्याआड ताजी राहिली. रुमाल तोच आहे, ईप्सिता. चौकटीचे खिळे कुणीतरी काढून परत ठोकले, एवढंच. आणि चोरानं कशाला अंगठा सोलून घेऊन विटकी बाजू मागे लपवली असती?"

सुरेखाचे डोळे भरून आले. "आईनं भरले तेव्हाचे रंग तुला लग्नात दिसावेत, असं फार वाटलं गं. विचारलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस."

"हो... म्हणाले असते," ईप्सिता पुटपुटली. तिला स्वतःची भयंकर लाज वाटत होती. तिनं रुमाल उचलला, हळूच घडी घातली आणि सुरेखाच्या हातात ठेवला.

शशिकांत उगाच चष्मा पुसत बसले.

"शनिवारी ताट तू धर, मावशी," ती म्हणाली. "ही ताजी बाजू वर ठेवून."