कंगवा कुठेच अडकला नाही

"सगळे केस उतरवावे लागतील," मी म्हणाले आणि चष्मेवाल्याचं तोंड एवढंसं झालं.

टेबलावर त्याचा कुत्रा गुंड्या उभा होता. अर्धा पूडल, अर्धा कोण जाणे काय! वरून कुरळ्या केसांचा रुबाब, आत कातडीपाशी केस गुंतून नुसता नमदा.

"पण मी रोज विंचरतो..."

"वरवर. आणि आधी आंघोळ घालता ना? पाणी लागलं की गुंता आणखी आवळतो. लोकांना चष्मे देता आणि तुम्हाला एवढं दिसलं नाही?"

"दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं," तो हळूच हसला.

टॉवेलांच्या घड्या घालणारी मावशी उगाच खोकली. कुत्र्यांचे केस कापायचं हे दुकान तिचं, तोंड माझं.

मशीन फिरत होतं तेव्हा तो गुंड्याच्या कानाशी वाकून म्हणत होता, "चुकलो रे राजा..." खरं सांगते, मी तिथेच विरघळले.

मग केस थोडे वाढल्यावर तो दर रविवारी विंचरायला शिकायला येऊ लागला. केस बोटांनी दुभागायचे, टोकाकडून सुरुवात करत मुळापर्यंत जायचं. त्याचा हात चुकला की मी धरायची. पुढे पुढे तो जरा जास्तच चुकत होता... आणि मी तक्रार करत नव्हते. पण पहिल्याच दिवशी मी ऐटीत सांगून बसले होते, कानापासून शेपटीपर्यंत कंगवा अडकला नाही की शिकवणी बंद.

गुंड्याचे केस पुन्हा दाट झाले. त्या रविवारी मी कंगवा फिरवला. कानामागे, काखेत, पट्ट्याखाली... लोण्यासारखा. चष्मेवाला श्वास रोखून बघत होता. "इथे थोडं राहिलंय" म्हटलं असतं, तर आणखी एक रविवार मिळाला असता. पण कामात मी आजवर खोटं बोलले नव्हते.

"कुठेच अडकला नाही. शिकवणी संपली."

"म्हणजे... आता यायचं नाही?"

"गुंड्यासाठी नाही." मी कंगवा खाली ठेवला. "माझ्यासाठी या. मला तुम्ही आवडता."

त्याचे कान लालबुंद झाले. "हेच मी आरशासमोर घोकून आलो होतो. तुम्ही माझं वाक्य पळवलंत!"

"मग दुसरं बोला."

तो जवळ आला. "अहो-जाहो पुरे. तू म्हणू?"

"म्हण."

"तू... रविवारपर्यंत थांबू नकोस. उद्याच भेट."

"आधी कुत्रं तरी उतरवा टेबलावरून!" मावशी ओरडली. आम्ही दोघांनी एकदमच हात पुढे केले, आणि गुंड्या उतरल्यावरही एकमेकांचे हात सोडले नाहीत.