बॅटरीचं खरकटं

“खरं सांग ठोक्या, बाबांच्या बॅटऱ्यांतली वीज तू चोरून पितोस ना?”

हा प्रश्न विचारायची हिंमत माझ्यात नाही, अशी माझ्या मैत्रिणींनी, निकिता आणि रुबीनानं, पैज लावली होती. विचारला की नाही!

ठोक्या म्हणजे बाबांचा जुना यंत्रमानव, ठोकठोक चालणारा. वर्ध्यात २०४५ सालीही बाबा शिशाच्या बॅटऱ्यांची ई-रिक्षा चालवतात. शेजारच्या गजूकाकांच्या बॅटऱ्या दोन वर्षं चालल्या. आमच्या नऊ महिन्यांतच धापा टाकायला लागल्या. आणि भरदुपारी बॅटऱ्यांशेजारी वायर धरून बसलेल्या ठोक्याला मी या डोळ्यांनी पाहिलं होतं! बाबा म्हणाले होते, “रविवारी याला भंगारात देतो.”

“मी पीत नाही, मोजतो,” ठोक्या म्हणाला.

“चोर असंच म्हणतात.”

“मग कोंड मला.”

कोंडलं! कोठीची किल्ली माझ्या गळ्यात. तीन दिवस झाले, तरी बॅटऱ्या तशाच थकलेल्या. आता माझा संशय घरातल्या माणसांवर सरकला.

“चार्जिंग कधी करता?” दार उघडताच ठोक्यानं विचारलं.

“पूर्ण संपल्यावरच. ताटात काही टाकायचं नाही, तसं बॅटरीतही टाकायचं नाही, असं बाबा म्हणतात. शनिवारी रिकाम्या झाल्या, की रविवारी त्यांनाही सुट्टी. चार्जिंग थेट सोमवारी.”

“सापडला चोर!” ठोक्याचे डोळे हिरवे झाले. “बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आम्लात बुडालेल्या असतात. वीज वापरली की पट्ट्यांवर लेड सल्फेट (शिसं आणि आम्ल मिळून होणारा पांढरा थर) बसतं. लगेच चार्ज केलं तर ते सुटतं. तसंच ठेवलं तर त्याचे टणक खडे होतात. तेवढी पट्टी बाद!”

“म्हणजे खरकटं!” मी ओरडलेच. “आई रोज कानीकपाळी ओरडते, ताटं लगेच धुवा, वाळलेला भात सुटत नाही! ज्याचं ताट वाळलं, त्यानंच घरातली सगळी भांडी घासायची!”

“अगदी तसंच. बॅटरी जितकी जास्त रिकामी, तितकं खरकटं जास्त.”

“आणि आधीच वाळलंय ते?”

“ते बहुतेक सुटणार नाही. पण नवं वाळू दिलं नाही, तर पुढच्या बॅटऱ्या गजूकाकांच्या बॅटऱ्यांना मागे टाकतील.”

संध्याकाळी बाबा आले. “बॅटरी अर्धी आहे अजून, राहू दे,” म्हणत चार्जर गुंडाळायला लागले. मी तो हातातून काढून घेतला.

“आई, बाबा, ऐका! आजपासून रिक्षा दारात आली की चार्जर मी लावणार, शनिवारीसुद्धा. पूर्ण भरेपर्यंत कुणी काढायचा नाही. आणि ठोक्या कुठेही जाणार नाही. बाबा, भंगाराचा विषय काढायच्या आधी आईला विचारा, खरकटं वाळवणाऱ्याला आपल्या घरात काय शिक्षा असते!”