नावाडणीचं पुस्तक

"सून वाचते चांगली. पण सरस्वती, ती एकटी नाही वाचत."

मंजुश्री ताकाची पितळी गंजी परत करायला सरस्वतीबाईंच्या मागच्या दाराशी आली होती. आतून तिच्या सासूचा, पंचफुलाबाईंचा आवाज येत होता; आजारपण आणि सुना या दोनच विषयांसाठी राखून ठेवलेला, दबका. मंजुश्री दोन पावलं मागं सरली, गंजीवर बांगड्या वाजवल्या आणि मग खाकरली. दोघी गप्प झाल्या. "ये व माय," सरस्वतीबाई इतक्या गोड म्हणाल्या की विषय आपलाच होता याबद्दल तिला शंकाच उरली नाही.

गाव चिखलीहून जीपनं थोडं आत. वर्षावासाच्या तीन पावसाळी महिन्यांत तिथल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई आणि पौर्णिमेला खीर वाटून झाली की वाचणाऱ्या बायका मागं थांबत. गोल करून बसत आणि सध्या हाती कोणतं पुस्तक आहे, ते कुठवर आलंय, हे एकेक जण सांगे. नियम दोनच. शेवट सांगायचा नाही, आणि वाचून झाल्याशिवाय पुस्तक दुसरीला द्यायचं नाही. पुस्तकांची लोखंडी पेटी सरस्वतीबाईंकडे. आषाढ पौर्णिमेला मंजुश्रीची पाळी आली तेव्हा "वाचते आहे" एवढंच बोलून ती सतरंजीकडे बघत बसली होती. नवी सून दिसायला बरी पण जीभ माहेरी विसरून आली, असं तेव्हा ठरून गेलं.

तिच्या हाती होतं ते नावाडणीचं पुस्तक. मुखपृष्ठ फाटलेलं, नाव कोणालाच ठाऊक नाही. पुरात वाहून गेलेल्या भावाला शोधत घाटाघाटानं नाव नेणाऱ्या बाईची ती गोष्ट. मागच्या खोलीत गोधड्यांच्या मागं तिला ते सापडलं होतं. विचारल्यावर पंचफुलाबाईंनी फाटक्या पानावरून हात फिरवला.

"वाच," त्या म्हणाल्या. "पण हळू वाच."

मंजुश्रीला वाटलं, पुस्तक चांगलं असेल म्हणून म्हणतात.

पहिल्याच दुपारी तिनं पान उलटलं आणि ते परत आलं.

वारा असेल म्हणून तिनं पुन्हा उलटलं. खिडकी बंद होती. पान सावकाश उभं राहिलं, थरथरलं आणि मागच्या पानावर येऊन निजलं. त्याच वेळी वास आला… उग्र, घशात उतरणारा, फवाऱ्याच्या औषधाचा. घरात औषध नव्हतं. पंप तर सासऱ्यांनी, इंद्रभानमामांनी, कधीच विकून टाकला होता. शिवारात सगळीकडे त्यांचं सोयाबीनच होतं. कपाशीचं नाव या घरात कोणी काढत नसे.

मंजुश्रीला पळून जावंसं वाटलं. पण भीती आणि पुस्तक यांत पुस्तक नेहमी जिंकायचं, हा तिचा जुना दोष. ती तशीच बसून राहिली. जरा वेळानं पुन्हा पान उलटलं, तेव्हा ते जिथल्या तिथं राहिलं.

चार-आठ दिवसांत तिला रीत कळली. दुसरी वाचणारी हळू वाचते, आपण थांबायचं. घाईनं उलटलं तर पान मागं येणार. मात्र नदीवरच्या सूर्यास्ताची दीड पानं आली तेव्हा पान जराही अडलं नाही. लांबलचक वर्णनांचा कंटाळा तिलाही होता तर. मंजुश्रीला त्या दिवशी हसू आलं आणि हसल्यावर आपण कोणासोबत हसलो हे आठवून पाठ गार पडली.

त्या दिवशी संध्याकाळी तिनं नवऱ्याला त्याच्या वारलेल्या बहिणीबद्दल विचारलं, "ताई कशा वाचायच्या हो?"

नागसेन बैलांना पाणी दाखवत होता. बादली हातातच राहिली.

"सुकेशनी? हळू. माय म्हणे, तुह्यं एक पान होते तोवर माही तूर शिजते." तो जरा हसला आणि मग हसू गेलं. "त्या साली कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बीटी बियाणं होतं, त्याले फवारा लागत नाही म्हणत होते. अळी आलीच. मी फवारत होतो, ती पाणी आणून औषध कालवून देई. तेच तिच्या अंगात भिनलं. आठवडाभर दवाखान्यात होती… पुस्तक उशाशीच. अर्धंच राह्यलं." त्यानं बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "तू काऊन विचारते?"

"उगाच," मंजुश्री म्हणाली.

रोज दुपारी सासू उंबऱ्याशी सुपात डाळ घेऊन का बसते आणि डाळ कधीच का संपत नाही, हे तिला आता कळलं. पंचफुलाबाईंना वाचता येत नव्हतं. त्या फक्त पानाकडे बघत. पान मागं आलं की त्यांचा हात सुपात थांबे.

राखी पौर्णिमेनंतर उजव्या हाताकडची पानं फार थोडी उरली.

"किती राह्यलं व?"

"थोडंच."

"राहू दे मग." पंचफुलाबाई सुपाकडे बघूनच बोलल्या. "ते संपलं का ती जाईल. मले एकडाव गेलेली सोसली, पोरी. दुसऱ्यानं नाही सोसणार."

मंजुश्रीनं पुस्तक मिटून गोधड्यांमागं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीतून पानांची सळसळ येऊ लागली. आधी हळू, कोणी शोधत असल्यासारखी. मग सारखी, घाईची, पानामागून पान… दाराला कडी होती. औषधाचा वास इतका वाढला की फोडणीतही तोच येई. इंद्रभानमामा ताटावरून न जेवता उठले. एका सकाळी पुस्तक मंजुश्रीच्या उशाशी होतं, जिथं थांबली होती तिथंच उघडलेलं. पानाचा कोपरा ओला होता, बोट ओलं करून उलटायला घेतल्यासारखा.

गोष्ट ऐन शेवटाशी अडली की जीव कसा होतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तीन पानांसाठी कोणाला असं ताटकळत ठेवायचं? आणि सासूला काय सांगायचं?

दुपारी पुस्तक घेऊन ती उंबऱ्यावर पंचफुलाबाईंना खेटून बसली आणि मोठ्यानं वाचू लागली. त्यांनी एकदा तिचा हात धरला. मग सोडला. प्रत्येक पानाला मंजुश्री थांबत होती. नावाडणीला भाऊ भेटला की नाही ते इथं सांगता येणार नाही; नियम आहे. पण पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला. शेवटचं पान आपोआप उचललं गेलं, क्षणभर उभं राहिलं आणि मिटलं. वास विरत गेला… उरला नुसता डाळीचा वास.

त्यानंतर दुपारी खोलीत काहीच हलत नसे. पंचफुलाबाई रागावल्या नाहीत. सून वाढेल ते खाऊन भिंतीकडे तोंड करून पडत. ते मंजुश्रीला रागापेक्षा जड गेलं.

भाद्रपद पौर्णिमेला तिनं त्यांना हाताला धरून विहारात नेलं. लाइट गेली होती. बुद्धापुढच्या मेणबत्त्यांच्या ज्योती सरळ उभ्या होत्या. मंजुश्रीनं नावाडणीचं पुस्तक परत दिलं. सरस्वतीबाईंनी पेटीतून दुसरं काढलं, जाडजूड, बारीक छपाईचं. मंजुश्रीनं ते मांडीवर उघडून पहिलं पान उलटलं.

पान परत आलं.

ती थांबली. तूर शिजेल इतकी थांबली. पुन्हा उलटलं, पुन्हा परत. मग पुस्तक तिच्या हातांतून अलगद वर उचललं गेलं. तिच्या डोळ्यांकडे नव्हे. डावीकडे, तिच्या आणि सरस्वतीबाईंच्या मधे जिथं सतरंजी रिकामी होती, तिथं कोणाच्या तरी अगदी नाकाजवळ गेल्यासारखं… तोच औषधाचा वास आला. समोर बसलेल्या पंचफुलाबाईंनी मान वर केली.

"मोठ्या अक्षराचं द्या," मंजुश्री पुटपुटली.

"काऊन व? तुह्ये डोळे तं चांगले हायेत," सरस्वतीबाई म्हणाल्या.

"तिले…" पंचफुलाबाई पुढं सरकल्या. "दवाखान्यात तिले अक्षरं फाटून दिसत होती. पुस्तक असंच धरे, नाकाजवळ. म्या हे कोणालेच नाही सांगतलं."

सगळ्या मंजुश्रीकडे बघत होत्या. मंजुश्री मात्र खाली, सतरंजीकडे बघत होती आणि जे दिसत होतं त्यानं तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग हळूहळू निवला. पहिल्यांदाच ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"सरस्वतीमावशी, पाय उचला जराक. ताईची ओढणी अडकली."