दुसरं उदाहरण आणा

“माझी बहीण नदीत पडली नाही, तिला तिथवर ढकलत नेलं,” पाहुणी बसायच्या आधीच म्हणाली. “आणि त्याचा पुरावा कोशाच्या कचेरीतून चोरीला गेलाय.”

मास्तरांनी खुर्ची पुढे केली. तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले मास्तर खुर्च्या पुढे करण्यात पटाईत होते. तपासाचं डोकं स्टेनोबाईंचं. बाईंनी उभा जन्म कोर्टात लोकांची बोलणी लघुलिपीत उतरवली होती, आता त्या खासगी तपास करीत. कोण काय बोललं ते त्या विसरत नसत. मास्तर स्वतःचा चष्मासुद्धा विसरत.

धाकटी बहीण इंग्रजी-मराठी कोशाच्या कचेरीत शब्दांसाठी उदाहरणं जमवायची. महिन्यापूर्वी ती पुलावरून पडली. पोलिसांनी ‘पाय घसरला’ असं लिहून फाईल मिटवली, आणि तिची सहा वर्षांची मुलगी बापाकडे राहिली.

“आदल्या दिवशी फोनवर म्हणाली, ‘ताई, घरातलं सगळं लिहून ठेवलंय. क्रुएल्टी, म्हणजे छळ, या शब्दाखाली, एकोणीस चिठ्ठ्या.’ मी जाऊन बघितलं तर एकही नाही. वकील म्हणतात, पुरावा आणा, नाहीतर पोर बापाकडेच राहणार. बाई, मला सूड नकोय. मला पोर हवी.”

कचेरीत भिंतभर लाकडी खण होते आणि मधोमध वयोवृद्ध संपादक, खिशाला हिरव्या शाईचं पेन.

“आमचा नियम एकच,” ते म्हणाले. “उदाहरण मनाने रचायचं नाही. ऐकलेलं, पाहिलेलं नाहीतर वाचलेलं हवं. कुठे, कोणत्या वारी, ते चिठ्ठीच्या मागे लिहायचं. मागची बाजू कोरी दिसली की मी चिठ्ठी परत करतो. नाकारलेल्या चिठ्ठ्याही सही करून खणातच ठेवतो. माझ्या सहीशिवाय आत काही जात नाही.”

“मग त्या एकोणीस?”

“माझ्या पाहण्यात आल्या नाहीत. नवरा सामान न्यायला आला होता, त्याला विचारा.”

बाईंनी खण ओढला. त्या शब्दाखाली तीन पांढऱ्याशुभ्र चिठ्ठ्या होत्या. त्यांनी त्या उलटून मास्तरांपुढे धरल्या. “काय दिसतं?”

“काहीच नाही. मागे कोरं आहे,” मास्तर म्हणाले आणि चिठ्ठ्या सुलट करून कौतुकाने पुढे म्हणाले, “हिरवी सही मात्र सुरेख.”

बाईंनी खण मिटला.

बाहेर टायपिस्टबाई काउंटरवर होत्या. “नवरा? तो या फळीच्या आत आलाच नाही. छत्री आणि डबा मीच त्याच्या हातात दिला.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “ती बिचारी दर सोमवारी एक चिठ्ठी घेऊन साहेबांच्या खोलीत जायची. बाहेर यायची ती तोंड एवढंसं करून.”

नवऱ्याच्या घरी ते दुपारी चारला पोचले. घर आरशासारखं लख्ख. माणूस अदबीचा, पाणी विचारलं, पंखा लावला.

“हात तरी उगारला का मी कधी? शेजाऱ्यांना विचारा,” तो म्हणाला. “आणि कसल्या चिठ्ठ्या? ती कचेरीत काय करायची, मी कधी विचारलंही नाही.”

आतल्या टेबलाशी मुलगी ताठ बसली होती. समोर गार झालेलं ताट. मास्तरांनी तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. “स्वारी जेवणावर रुसलेली दिसते!”

मुलगी हसली नाही. तिने आधी बापाकडे बघितलं.

जिना उतरताना मास्तर म्हणाले, “बेरकी आहे. चिठ्ठ्या यानेच लांबवल्या.”

“मास्तर, चोर जागा रिकामी करून जातो. इथे ती भरून ठेवलीय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी त्या तीन चिठ्ठ्या संपादकांच्या टेबलावर पालथ्या मांडल्या.

“नवरा आत आलाच नाही, आणि या चिठ्ठ्यांचा त्याला पत्ताही नव्हता. शिवाय परक्या माणसाने चिठ्ठ्या नेल्या असत्या, तर शब्द उघडा पडला असता. पण तुम्हाला उदाहरणाशिवाय शब्द बघवत नाही. चाळीस वर्षांची सवय. म्हणून तुम्ही तीन उदाहरणं घाईने रचलीत. रचलेल्या वाक्याला ना ठिकाण, ना वार. मागची बाजू कोरी असूनही सही करू शकेल असा माणूस या कचेरीत एकच आहे. आणि दर सोमवारी ती तुमच्याच खोलीत यायची.”

संपादकांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

“सगळ्या मी वाचल्या होत्या,” संपादक म्हणाले. “मागे लिहिलेलं असायचं, ‘घरी, मंगळवारी.’ ‘घरी, रविवारी.’ मी तिला म्हणायचो, बाई, यात मार कुठे आहे? शब्दाला हे पुरत नाही. दुसरं उदाहरण आणा. ती पुढच्या सोमवारी दुसरं आणायची.”

“एकोणीस वेळा,” बाई म्हणाल्या.

“ती गेल्यावर कळलं, अर्थ तिचा बरोबर होता. उद्या कोर्टात विचारतील, तुम्ही वाचत होतात, मग केलंत काय? म्हणून जाळल्या.”

“कोर्टात हे सांगाल?”

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “चिठ्ठ्या नाहीत, बाई. मी नाही म्हणेन.”

मास्तरांना राग आवरेना. “एक तरी आठवते का?”

संपादकांना सगळ्याच आठवत होत्या. एक त्यांनी डोळे मिटून म्हणून दाखवली. “‘ताट संपेपर्यंत उठायचं नाही, असं तो म्हणाला, म्हणून ती दुपारपासून रात्रीपर्यंत गार ताटासमोर बसून राहिली.’ मला वाटलं, ही ‘ती’ म्हणजे लिहिणारी स्वतःच.”

मास्तरांना कालचं गार ताट दिसलं. त्यांना स्वतःचे ते मिचकावलेले डोळे आठवले.

खाली फाटकाशी बहीण वाट बघत होती.

“कोणी घेतल्या ते सापडलं,” बाई म्हणाल्या. “चिठ्ठ्या नाहीत. जाळून टाकल्या.”

तिने फाटकाचा गज धरला. मग तिने मास्तरांकडे बघितलं. “काल तुम्ही घरी गेला होतात ना? मला तो दारात उभं करत नाही. पोर कशी आहे? काय करत होती?”

बाईंनी नजर रस्त्याकडे वळवली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“जेवत होती,” मास्तर म्हणाले.