ताई पडलीच नव्हती

आमचं जुळलं ते भांडणातून, आणि भांडणात चूक त्याची होती. हे आधीच सांगून टाकते.

ताईचा मुलगा तीन वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता. अशा मुलांच्या आयांची माहिती घेणारा एक संशोधक रुग्णालयात बसायचा. ताईला घेऊन मी घाईघाईत आत शिरले आणि दारातच त्याच्यावर आदळले. त्याचे कागद जमिनीवर, चष्मा माझ्या हातात!

"चष्मा देता? कोणावर रागवायचं ते तरी दिसेल..."

"आधी सॉरी म्हणा."

तो हसला. गोड हसला, खोटं कशाला बोलू?

मग प्रश्न सुरू झाले. गरोदरपणी ताप आला होता? जड उचललंत? पडलात? ताई प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होती.

"हो... सातव्या महिन्यात. जिन्यावरून पडले."

"ताई! कधी पडलीस? मी तुझ्याजवळच होते की!"

"पडले असेन गं," ती खाली मान घालून म्हणाली. "नाहीतर असं का झालं असतं?"

माझं डोकंच फिरलं. तिच्या सासूबाई तीन वर्षं 'तूच काहीतरी केलं असशील' म्हणत होत्या, आणि हा प्रश्नोबा तेच कागदावर उतरवून घेत होता!

"खोडा ते!"

"उत्तर त्यांचं आहे. मला खोडता येत नाही."

"मग चुलीत गेलं तुमचं शास्त्र! सगळं आईलाच विचारायचं? दवाखान्याला कोण विचारणार?"

त्याचे कान लाल झाले. "आयांची आठवण जुन्या केसपेपरशी ताडून बघायची असते," तो हळूच म्हणाला. "मी ते शेवटी करणार होतो... आधी करायला हवं होतं."

ताईचं बाळंतपण याच रुग्णालयात झालं होतं; तिने कागद बघायच्या परवानगीवर सही दिली आणि तो जुन्या नोंदींच्या खोलीत गठ्ठे उपसू लागला. मी रोज लक्ष ठेवायला जायचे.

"माझ्यावर विश्वास नाही?" धुळीने शिंकत तो विचारायचा.

"अजिबात नाही."

"बरं झालं. म्हणजे उद्याही याल..."

चौथ्या दिवशी कागद सापडला. दर महिन्याच्या तपासणीत ना ताप, ना पडणं. बाळंतपणाच्या दिवशी मात्र – बाळ अडलंय, अशी नोंद सकाळी नऊला. डॉक्टर आले दुपारी तीनला. बाळ बऱ्याच उशिरा रडलं.

"सहा तास!" मी कागद त्याच्या नाकासमोर धरला. "याला तुमच्या फॉर्ममध्ये रकाना कुठाय?"

"नाहीये," तो म्हणाला. "कारण हेच, असं एका कागदावरून छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण ताई पडल्या नव्हत्या."

"हे घरी येऊन सांगा. सासूबाईंसमोर."

तो आला. त्याने कागद वाचून दाखवला. सासूबाईंनी नाक मुरडलं. "कागदाला काय कळतंय!"

तेव्हा तो मऊ माणूस ताडकन उठला. "सहा तास या कळा सोसत होत्या, कोणी विचारलं नाही! आणि तीन वर्षं तुम्ही यांनाच जाब विचारताय?"

मग ताईच बोलली, सासूबाईंच्या डोळ्यांत बघत. "मी पडले नव्हते."

मला रडू फुटलं. मी बाहेर आले, तोही मागोमाग आला.

"तुम्ही मला... फार आवडता," तो म्हणाला.

"तुम्हीही मला. पण आधी त्या सहा तासांचा रकाना छापून आणा. मग मागणी घाला."

"वरच्यांनी नाही छापू दिला तर?"

"तर दोघं मिळून भांडू."

त्याने माझा हात धरला. आत ताई तेच वाक्य पुन्हा म्हणत होती, या वेळी चांगलं मोठ्याने.